यादीतली काडेपेटी

वल्लरीने निळा डबा ओटीवर उपडा केला आणि झाकणाच्या आत चिकटवलेली यादी वाचायला घेतली. अक्षर आईचं. मागच्या वादळात अर्धी सुपारी आडवी झाली, अठरा दिवस वीज नव्हती. त्यानंतर आई बोर्लीच्या बाजारातून हा घट्ट झाकणाचा डबा घेऊन आली होती. दर मे महिन्यात ती तो उपसायची, सेल बदलायची, जुनी बिस्किटं कुत्र्याला घालायची. या मे महिन्यात ती अंथरुणावर होती. आज तिला जाऊन आठवा दिवस.

बॅटरी. दोरी. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. सातबारा, प्लास्टिकमध्ये. शिट्टी, पुढे बारीक अक्षरात, 'ह्यांच्यासाठी. हाक मारायचे नाहीत.'

वल्लरीने शिट्टी डब्यात परत टाकली. यादीत पुढे काडेपेटी होती, डब्यात नव्हती.

"भाऊ, काडेपेटी कुठे आहे?"

भाऊ माजघरात भिंतीला टेकून बसले होते. आईला जिथे निजवलं होतं तिथे पसरलेल्या पिठावर दिवा तेवत होता, वात दक्षिणेकडे. तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही म्हणून बाप-लेक पाळीपाळीने बसत होते.

"असेल स्वयंपाकघरात."

"नाही तिथे."

"मग संपली असेल."

मागचं दार ढकलून काशी आत आली. वाडीत तीस वर्षं काम केलेली बाई. सुतकात या घरचं जेवण तीच आणत होती. आज तिच्या हातात टोप नव्हता, डोक्यावर गाठोडं होतं.

"अजून हितंच व्हय? वादळ यायच्या आत समदा गाव शालंत गेला. चारला शेवटची जीप हाय, मंग न्हाय कोन येनार."

"तुम्ही व्हा पुढे," भाऊ म्हणाले. "दिवा टाकून मला येता यायचं नाही."

"वाऱ्याला सांगून ठेवलाव का, या घरात दिवा हाय, जरा लांबून जा म्हनून?"

काशीने वल्लरीकडे पाहिलं.

"बाई असत्या तर कानाला धरून न्हेला असता यांना."

ती गेली. तिने ओढून घेतलेलं दार वाऱ्याने पुन्हा उघडलं.

वल्लरीने वर पाहिलं. माजघरावरचे पत्रे मागच्या वेळी उडून विहिरीपलीकडे पडले होते. तेच ठोकून सरळ करून पुन्हा बसवले होते. आता त्यांच्या कडा उचलत होत्या आणि टेकत होत्या.

"तू जा, वल्ली. डबा घेऊन जा."

"तुमच्या गोळ्या आहेत यात. माझं काहीच नाही."

"हट्ट करू नकोस."

"मी करतेय?"

भाऊंनी वात बोटाने पुढे सारली. बोट काळं झालं, ते त्यांनी धोतराला पुसलं. "तिच्यासाठी आता एवढंच करायचं राहिलंय. तेही अर्ध्यावर टाकू?"

दूर, देवळाच्या वळणावर, जीपचा हॉर्न वाजला. वल्लरी उठली आणि त्यांच्यासमोर, पिठाच्या अलीकडे, खाली बसली. बराच वेळ तिने गुडघ्यावरची साडी सारखी केली.

"सोमवारी पहाटे हा विझला होता."

भाऊंनी मान वर केली नाही.

"माझा डोळा लागला. उठले तर काळोख. गॅसवर वात पेटवून आणली. तुम्हाला सांगितलं नाही. आई गेली तेव्हाही मी खुर्चीत झोपलेच होते, भाऊ."

हॉर्न पुन्हा वाजला, जरा जवळून. पत्र्यावर नारळाची झावळी आपटली आणि घसरत खाली गेली. ज्योत आडवी झाली, सरळ झाली. दोघंही तिच्याकडे पाहत राहिले.

"एकदाच?" भाऊंनी विचारलं.

तिला कळलं नाही.

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. बाहेर काढली ती स्वयंपाकघरातली काडेपेटी होती. त्यांनी ती कानाशी धरून हलवली. आत दोन-तीनच काड्या वाजल्या.

"एखादी प्लास्टिकची पिशवी दे."

वल्लरीने दिली. त्यांनी काडेपेटी पिशवीत घातली, हवा काढली, दोनदा दुमडून रबर लावलं आणि डब्यात गोळ्यांशेजारी ठेवली. मग दिव्यात काठोकाठ तेल ओतलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

वल्लरी झाकण लावायला लागली तेव्हा त्यांनी ते हातानेच अडवलं. झाकणातली यादी त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, एका ओळीवर थांबले. डब्यात चाचपून शिट्टी काढली आणि गळ्यात अडकवली.

"चल," ते म्हणाले. "पुढचं दार मी लावतो."