पुढचं तू बघ

तुझा चेंडू पलंगाखाली गेला म्हणून मी वाकले, शाल्मली, आणि हाताला एक जड खोकं लागलं. ओढून काढलं. आत तेलकट कागदात नवाकोरा क्राऊन-पिनियन, एक मोठं दातेरी चक्र आणि एक लहान.

ते खोकं आज इथे असायला नको होतं.

तुझे बाबा पहाटेच मूडिगेरेकडे निघाले होते, कॉफीच्या मळ्यावर एक फोर-बाय-फोर ट्रक पोचवायला. मळेवाल्यानं चिखलासाठी मोठे टायर घातले होते, अठ्ठावीस इंचांच्या जागी एकतीस. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता खातं. मग चढाला इंजिन धापा टाकतं आणि उताराला गाडी धरून ठेवत नाही. म्हणून अ‍ॅक्सलमधले दातच बदलायचे. बाबांनी ताटातल्या वरणात बोटानं भागाकार करून ठरवलं होतं, एकोणचाळीस-आठ दातांची जोडी काढून त्रेचाळीस-आठची. मळेवाला कुरकुरला, हायवेला पळणार नाही म्हणाला. बाबा म्हणाले, "पळायला कुठे घेतलीत, उतरायला घेतलीत."

सेट दोन आणले होते. गॅरेजात चोऱ्या होतात म्हणून घरी ठेवले होते. एक मागच्या अ‍ॅक्सलचा, एक पुढच्याचा. दोन्हीकडे दात सारखेच लागतात. नाहीतर फोर-व्हील टाकली, चारही चाकं जोडली, की पुढची चाकं एका वेगानं ओढतात, मागची दुसऱ्या, आणि मधल्या शाफ्टला पीळ बसत बसत तो तुटतो. या ट्रकचा हँडब्रेकही त्याच शाफ्टवर, म्हणजे तो तुटला की उतारावर ना इंजिन धरणार, ना हँडब्रेक. हे सगळं त्यांनी मला तुला भरवता भरवता सांगितलेलं, एक घास तुला, एक वाक्य मला.

मी दात मोजले. त्रेचाळीस. मग तुझं बोट धरून पुन्हा मोजले, एकोणचाळीस भरतील, हा काढलेला जुना सेट ठरेल, अशा वेड्या आशेनं.

तुला कडेवर घेऊन राजाजीनगरच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. चपला दोन वेगवेगळ्या होत्या, ते नंतर दिसलं. आधी यशवंतपूरला, गॅरेजशेजारच्या दुकानात फोन लावून बाबांच्या फिटरला, कल्लाप्पाला, बोलावलं.

"कल्लाप्पा, दोन्ही सेट बसवलेत ना?"

"मागचा मी बसवला की, वैनी. पुढचा अण्णांनी बसवला असंल."

"त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? शब्द सांगा."

"मागचं झालं, आता पुढचं तू बघ, म्हणाले आणि घरी पळाले. बाळ तापलेलं न्हवं का. मग बघितलं की पुढचं. ऑइल घातलं, नट आवळले, गाडी धुतली." मग त्यानं विचारलं, "का ओ, वैनी?"

तुझ्या बाबांनी पुढचा अ‍ॅक्सल म्हटला होता. त्यानं पुढचं काम ऐकलं होतं. त्या दुकानातून त्याला बाहेरगावी फोन लावता येत नव्हता, म्हणून मी ठेवला आणि मळ्याचा नंबर फिरवला. बोट दोनदा चुकलं. रस्त्यावर ट्रक मागच्याच चाकांवर चालतो, तोवर काही नाही. पण मळ्यावरचा दगडी उतार आला की बाबा फोर-व्हीलचा दांडा ओढणार.

"हलो, यल्लाप्पा." मळ्याच्या बंगल्यावरचा म्हातारा राखणदार फोन उचलून स्वतःचं नाव सांगत होता. त्याला मराठी नाही, हिंदी नाही. आणि माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं, स्वल्प आणि सरी, थोडं आणि बरं.

पुढच्या चाकांना गिअर घालू नका, हे कसं सांगायचं? अ‍ॅक्सल म्हणून पाहिलं, फ्रंट म्हणून पाहिलं. पलीकडे नुसतं "आं? आं?" तू रडायला लागलीस. मला एवढंच सुचलं, तुझ्या बाबांना, उपेंद्रना, सांगा, पुढे नको.

"उपेंद्र अवरिगे हेळी. मुंदे बेडा. मुंदे बेडा."

"मुंदे बेडा?"

"हौदु. बेगा." हो, लवकर.

रिसीव्हर कशावर तरी आपटला आणि पावलं लांब गेली. मी कानाला धरून उभी राहिले. लाइनीतून कुत्रं भुंकत होतं, मग तेही थांबलं. तुझे केस घामानं माझ्या गळ्याला चिकटले होते. मी तुला इतकं घट्ट धरलं की तू रडायची थांबलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला ते बघणं सोसेना. काचेबाहेरचा माणूस घड्याळ दाखवत होता.

मग धापा टाकत बाबांचा आवाज. "काय झालं शालूला?"

"ती बरी आहे. तुम्ही कुठे होतात?"

"उताराच्या तोंडावर. मागे कॉफी तोडणाऱ्या बाया बसल्यात, खाली सोड म्हणाल्या. दांडा ओढला आणि हा यल्लाप्पा समोर आडवा. अक्कांनी पुढे जाऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणे. अगं, पुढे का जायचं नाही?"

"मी तसं नव्हतं म्हटलं. पुढची चाकं म्हणत होते." "पुढचा सेट आपल्या पलंगाखाली आहे, अहो."



"कल्लाप्पाला मी म्हणालो होतो..."

"त्यानं पुढचं बघितलं. गाडी धुतली."

"बायांना उतरवतो," ते म्हणाले. आवाज तुझ्या तापाच्या दिवसासारखा झाला होता. "ठेवू नकोस फोन. आलो."

संध्याकाळी कल्लाप्पा खोकं न्यायला आला, रात्रीची बस धरून मळ्यावर निघाला होता. दारातच उभा राहिला.

"कुठला बसवायचा, कल्लाप्पा?"

"पुढचा," म्हणाला, आणि जीभ चावली. "समोरचा, वैनी. इंजिनाखालचा."

खोकं त्यानं उचललं. तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस, तुझ्या बोटाला दात मोजतानाचं ग्रीस अजून होतं. ते पुसायला तुला खाली ठेवावं लागलं असतं, म्हणून तसंच राहू दिलं.