ढेपीची सुई

धानोऱ्यात तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेल्या हरिदासभाऊंना जंगलातल्या वाटेचं कधी भय वाटलं नाही. भय होतं ते सुईचं. त्यांची बायको गिरजाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातची सुई घेऊन मोठी झाली. पण घरी कुणी सुई घ्यायला आलं, की हरिदासभाऊ मुकाट्यानं अंगणात निघून जात.

आखाडात त्यांची मांजर ढेपी घटाघटा पाणी पिऊ लागली. खायची दुप्पट, तरी वाळत चालली. मागचे पाय तर पंजांवर उभेच राहीनात. घोट्यापासून सपाट टेकवत ती फरफटत चाले. गडचिरोलीला गुरांच्या डॉक्टर स्वातीबाईंनी तिचं रक्त तपासलं.

"शुगर चारशेच्या वर आहे, भाऊ. हिले डायबेटीस झाला."

"मंग आता जलमभर सुई?"

"तसं नाई. लवकर इन्सुलिन सुरू केलं आणि भात, दूध, बिस्कुट बंद केलं, तर कितीतरी मांजरांची सुई सुटते. उकडलेलं चिकन, अंडं अन् मी देते ते डब्यातलं खाणं द्या."

घरी आल्यावर गिरजाबाईनं सिरिंज उजेडात धरली आणि खाली ठेवली. मोतीबिंदूमुळे तिला त्यावरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या.

"तुमालेच टोचा लागन," ती म्हणाली.

हरिदासभाऊंची नजर अंगणाच्या दाराकडे गेली. ढेपी ताटलीत तोंड घालून चिकन खात होती. गिरजाबाईनं नवऱ्याची बोटं धरून तिच्या मानेमागची कातडी चिमटीत पकडायला लावली. भाऊंनी डोळे मिटले.

"डोये उघडा! तिले नाई, सोताले टोचान."

सुई आत गेली, बाहेर आली. ढेपीनं मान वर करूनही पाहिलं नाही. भाऊ मात्र तिथंच भिंतीला टेकून बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग रोज सकाळी सहाला अन् संध्याकाळी सहाला हेच. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त मशीनवर घ्यायचं. आकडा कधी तीनशे ऐंशी, कधी चारशे. डॉक्टरांनी इन्सुलिन थोडं वाढवलं, तरी फरक नाही. एका संध्याकाळी ढेपीला मांडीवर घेताना गिरजाबाईच्या बोटांना तिच्या मिशांवरचा चुरा लागला.

"अहो, बिस्कुट देता काय हिले?"

भाऊंनी खिशातला बिस्किटांचा पुडा काढून तिच्यापुढं ठेवला. "टोचलं का माहा जीव कसाबसा होते. म्हणून एक देऊन राह्यलो. दोन्ही टायमाले."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मी लेकराईले टोचलं का पाठीवरून हात फिरवत होती. तेवढं पुरते."

त्या दिवसापासून बिस्कीट बंद झालं. पण शरमेपायी भाऊंनी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ढेपी चालता चालता झोकांड्या खाऊ लागली, डोकं थरथरू लागलं. मशीनवर आकडा आला बेचाळीस.

"मध आणा! धावा!" गिरजाबाई ओरडली.

शेजारच्या इतवारीनं जंगलातून आणून दिलेला मध शिंक्यावर होता. भाऊंनी तो बोटानं ढेपीच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा चोळला. गिरजाबाईनं डॉक्टरांना फोन लावून बिस्किटाचं सगळं सांगितलं. वीसेक मिनिटांनी ढेपीनं जीभ बाहेर काढून भाऊंचं बोट चाटलं.

"बिस्कुट बंद केल्याचं मले सांगाचं होतं, भाऊ, वाढवलेला डोस तवाच कमी केला असता," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "आज सुई देऊ नका. लगेच घेऊन या. पण एक सांगू? तिचं शरीर स्वतः इन्सुलिन बनवाले लागलं असन."

डोस निम्मा झाला, मग त्याच्याही निम्मा. धान कापणीला आला तेव्हा सुई बंद झाली. त्यानंतरचे चार आठवडे आकडे येत राहिले: शहाण्णव, एकशे चार, एक्क्याण्णव.

"याले रिमिशन म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "कायमची बरी झाली असं नाई. शुगर परत चढू शकते. खाणं हेच ठेवा, कानाचं रक्त तपासत जा."

परतताना भाऊंनी बाजारातून मरळ मासा घेतला. बिनमसाल्याचा, काटे काढलेला तुकडा ढेपीनं खाल्ला आणि ती उन्हात अंग टाकून झोपली. भाऊ शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गिरजाबाईनं दोनदा जेवायला हाक मारली, तरी ते उठले नाहीत. शेवटी तीच दोन्ही ताटं बाहेर उन्हात घेऊन आली.