मऊ लागलेलं लोखंड

खाडीच्या गाळातून काढलेली जुनी तोफ कोपरीला धोंडीबा लोहाराच्या दारात आली. भंगाराचा व्यापारी त्र्यंबकशेठ म्हणाला, "बुडाशी ओळीनं भोकं पाड आणि घणानं तुकडे कर."

पण तोफेची वरची कातडी भलतीच चिवट निघाली. गिरमिट टेकवून जरा फिरवावं, की पात्याचं टोक बोथट! धोंडीबाची बायको मालन दिवसभर चाकावर पाती घासत बसायची. ती तापवून, पाण्यात बुडवून पुन्हा कडक करता करता धोंडीबा मेटाकुटीला आला.

मग एका दुपारी गिरमिट सरसर आत जाऊ लागलं.

"फुटली गं कातडी! आत लोखंड मऊ आहे."

मालनच्या हाती आलेल्या पात्याची धार शाबूत होती. खाचेत मात्र काळी भुकटी होती. लोखंडाचा कीस चमकतो, ही चमकत नव्हती. तिनं चिमूटभर भट्टीत टाकली. भस्सकन जाळ उठला.

"अवो, हात थांबवा! तोफ भरलेली हाय!"

धोंडीबा जागच्या जागी थिजला. गिरमिट तापलं होतं. त्यानं सगळ्यांना लांब पिटाळलं आणि घागरीतलं पाणी धारेनं भोकात सोडलं. काळं पाणी ओघळू लागलं.

आरडाओरडा ऐकून त्र्यंबकशेठ धावत आला. भोकाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"धोंडीबा, हिच्या जोडीची तोफ मी कल्याणला दिलीय. तुझ्या मेव्हण्याकडे."

मालनचा भाऊ, काळुराम. तिनं तोंडाला पदर लावला. धोंडीबा तसाच स्टेशनाकडे पळाला. आगगाडीत तो एकच मागणं मागत होता: देवा, त्या तोफेची कातडी फुटू देऊ नकोस. त्याची सगळी पाती मोडू देत.

काळुराम लांबूनच दिसला, छपराखाली, तोफेवर ओणवा.

"काळुराम, थांब! हात काढ!"

काळुरामनं मान वर केली. घामेजला चेहरा हसला. "दाजी, या या! किती पाती खाल्ली हिनं! आत्ता कुठं मऊ लागलंय, हे बघा." आणि दाखवायला म्हणून त्यानं गिरमिटाला आणखी एक फेरा दिला.

धोंडीबा उताणा फेकला गेला. उठला तेव्हा कौलं अजून खाली पडत होती, पण त्याला काही ऐकू येत नव्हतं. छप्पर नव्हतं. काळुराम नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कोपरीला परतला. मालन दारातच उभी होती. त्याच्या सदऱ्यावरची काळी राख ती नुसती हातानं झटकत राहिली.