अपील येईपर्यंत

सुचिता अंपायर म्हणून उभी राहिली की नेरूळपासून उरणपर्यंतच्या शाळांतले खेळाचे शिक्षक नीट वागत. सीवूड्समधल्या तिच्या सोसायटीत मात्र तिची ओळख ‘तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एकट्या बाई’ एवढीच होती. आई गेली होती, भाऊ पुण्यात स्थिरावला होता. आठवडा विमा कंपनीतल्या नोकरीत जायचा आणि शनिवार मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये. उरायचा रविवार. पन्नाशी ओलांडलेल्या एकट्या बाईचा रविवार किती लांबलचक असतो, हे ज्यांच्या घरी सकाळी सकाळी नाश्त्यावरून भांडणं होतात त्यांना सांगून कळायचं नाही.

हा रविवार शर्मिला भरून काढायची. शर्मिला उरणजवळच्या मोरा बंदरावरची, कोळ्यांच्या घरातली, आणि उरणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजच्या संघात ती पिचर होती आणि सुचिता कॅचर. चेंडू शर्मिला टाकायची, झेलायची सुचिता. रविवारी सकाळी शर्मिलाचा फोन यायचा, “सुचे, निगालीस का? बोंबील आनलेत,” आणि सुचिता उरणची गाडी पकडायची. फोन नेहमी शर्मिलाचाच. सुचिताने आपण होऊन कधी केला नाही. कुणाच्या घरी न बोलावता जायचं म्हणजे तिला ओशाळल्यासारखं व्हायचं, आणि ‘येऊ का’ म्हणून विचारायचं तर त्याहून नको वाटायचं. शर्मिला हे ओळखून होती. विचारायची वेळच ती येऊ द्यायची नाही.

मैदानावरही सुचिताचा खाक्या असाच. सामन्याच्या दिवशी ती कुठल्याही संघाचा चहा घेत नसे, कुणाच्या डब्यात हात घालत नसे. दोन्हीकडच्या मुली गोल करून जेवायला बसल्या की ही बाई आपली पोळीभाजी घेऊन लांबच्या झाडाखाली. दुसरे अंपायर हसायचे. घोटभर चहाने कुणी विकलं जातं का, म्हणायचे. सुचिता म्हणायची, “विकलं जात नाही, पण वाटतं ना लोकांना.” मग तिला पुन्हा कुणी बोलावत नसे, आणि खरं सांगायचं तर ते तिला लागायचं.

मागच्या वर्षी एका सामन्यात एका मुलीच्या वडिलांनी निर्णय पटला नाही म्हणून तिच्या अंगावर पाण्याची बाटली भिरकावली. बाटली खांद्याला लागली. सुचिताने ती उचलली, कडेला ठेवली आणि खेळ पुढे चालू केला. शर्मिला तेव्हा प्रेक्षकांत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने आपल्या शाळेत जाऊन मुलींना असं काही बजावलं की विचारू नका. पुढच्या रविवारी जेवताना तिने मोठ्या दिमाखात सांगितलं, “माज्या पोरींना सांगून ठेवलंय. अंपायरपुढं तोंड उघडायचं नाय. मॅच संपली की रांगेत जायचं नि पाया पडायचं. माजी एक बी पोर तुला उलटून बोलनार नाय.”

सुचिताला इतकं बरं वाटलं की ती नुसती जेवत राहिली. खरं तर तिने तेव्हाच सांगायला हवं होतं, की शर्मिले, उलटून बोलणं वेगळं आणि अपील करणं वेगळं. पण आपल्या बाजूने कुणीतरी उभं राहिलंय, हे सुख तिच्या वाट्याला क्वचितच आलेलं. ते तिने कालवणाबरोबर खाऊन टाकलं.

मग यंदाच्या शालेय स्पर्धेची अंतिम फेरी आली, आणि त्यात नेमकी शर्मिलाची उरणची शाळा. समोर नेरूळची शाळा, मैदानही नेरूळचंच. सुचिताने स्पर्धा भरवणाऱ्या पंढरी सरांना सांगून पाहिलं, “सर, उरणच्या कोच माझ्या मैत्रीण आहेत. मला नका देऊ हा सामना.”

“मॅडम, तुमच्याशिवाय आहे कोण?” पंढरी सर म्हणाले. “आणि तुमच्यावर कुणी बोट ठेवेल का? टेन्शन घेऊ नका.”

सुचिता होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंग होते त्या पाटीच्या, मागे उभी राहिली. दुसरा अंपायर सौरभ, नवीन मुलगा, पहिल्या आणि दुसऱ्या बेसकडे बघणार होता. शर्मिला लांबूनच मान हलवून हसली. सामन्याआधी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तसं ठरलेलंच होतं.

शेवटच्या डावात बरोबरी होती. बॅटिंग नेरूळची, दोन मुली आऊट, आणि पहिल्या बेसवर वैदेही नावाची त्यांची उंच, लांब ढांगांची मुलगी. पुढच्या मुलीने चेंडू असा मारला की तो पार कुंपणापाशी गेला. सगळं मैदान चेंडूकडे बघायला लागलं. शर्मिला ओरडत होती, “फेक, फेक!” सौरभची नजर मारणाऱ्या मुलीवर होती. वैदेही दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे धावली, आणि तिकडे बघण्याचं काम सुचिताचं असल्यामुळे सुचिताने पाहिलं. तिसऱ्या बेसला वळताना वैदेहीचा पाय बेसच्या आतून, मातीवर पडला. बेसला लागलाच नाही.

वैदेही होम प्लेटवर पोचली, धाव झाली. नेरूळचा विजय झाला. पालक मैदानात घुसून नाचायला लागले, कुणीतरी शिट्ट्या मारायला लागलं.

इथे नियम काय म्हणतो ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. धावणाऱ्या मुलीने बेस चुकवला, तर अंपायरने आपण होऊन काही बोलायचं नाही. हात नाही, खूण नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचंसुद्धा नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या लक्षात आलं, तर त्यांच्यातल्या कुणीतरी चेंडू घेऊन त्या बेसवर पाय ठेवायचा आणि अंपायरला सांगायचं, की हिने इथे पाय लावला नाही. खेळ थांबला असेल तर नुसतं सांगितलं तरी चालतं. याला अपील म्हणतात. अपील आलं की अंपायर आऊट देणार, धाव रद्द. नाही आलं, तर ती धाव खरी. आणि सामन्याच्या शेवटच्या चेंडूनंतर अंपायर मैदानाबाहेर पडेपर्यंतच ते करता येतं.

म्हणजे उरण अजून हरलेलं नव्हतं. हे त्या सगळ्या गोंगाटात एकट्या सुचिताला माहीत होतं.

नाही, एकटीला नाही. तिसऱ्या बेसवर उरणची रुतिका उभी होती. काटकुळी, सावळी पोर, वेणी घट्ट बांधलेली. कुंपणापासून उशिरा आलेला चेंडू तिच्याच हातात येऊन थांबला होता. तिचा पाय बेसपासून वीतभर लांब होता, आणि ती बेसकडे बघत होती. मग तिने सुचिताकडे पाहिलं.

बोल, सुचिता मनात म्हणाली. पाय ठेव आणि बोल.

तिने मास्क काढला. कमरेचा ब्रश काढला आणि होम प्लेट झाडायला वाकली. सामना संपल्यावर प्लेट झाडायचं काही कारण नसतं. सौरभने तिच्याकडे जरा चमत्कारिक पाहिलं. तिने प्लेट झाडली, कडा झाडल्या, पुन्हा झाडली. आपण करतोय ते बरोबर की चूक हेही तिला ठरवता येईना. खूण करणं म्हणजे बेइमानी, पण उभं राहणं? नियमात अंपायरने किती लवकर निघावं असं कुठे लिहिलेलं नाही. तरी तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं, कारण नेरूळची मुलगी असती तर ती इतका वेळ वाकून राहिली असती का, याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

रुतिका चेंडू घेऊन तिच्या दिशेने चालत आली. अगदी समोर उभी राहिली. ओठ हलले.

तेवढ्यात मागून शर्मिलाचा आवाज आला, “चला गो पोरींनो, रांग लावा. रडायचं नाय. आदी मॅडमच्या पाया पडा.”

हरल्यावरही आपल्या मुली कशा वागतात, हे तिला सगळ्या नेरूळला दाखवायचं होतं. मुली डोळे पुसत आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, एकेक करून वाकल्या. सुचिता प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत गेली. सगळ्यात शेवटी रुतिका. तिने चेंडू खाली ठेवला, वाकून दोन्ही हातांनी पाय शिवले, क्षणभर वर पाहिलं आणि निघून गेली. तोंडातून अवाक्षर नाही.

चेंडू सुचिताच्या पायाशी पडला होता. ती आणखी थोडी थांबली. मग थांबायला काहीच उरलं नाही. ती चालत गेली आणि सीमारेषेच्या बाहेर पडली.

शर्मिला तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठायला आली, तेव्हा तिच्या मागे रुतिका होती, रडून डोळे सुजलेली.

“ही काय सांगते बग,” शर्मिला म्हणाली. “त्या पोरीने तिसरा बेस चुकवला म्हनते. तू बगितलंस?”

खोटं बोलता आलं असतं. तिथे धूळ होती, धावपळ होती, नीट दिसलं नाही म्हटलं असतं तर शर्मिलाने मान्य केलं असतं आणि रविवारही वाचला असता.

“बघितलं,” सुचिता म्हणाली.

नियम शर्मिलालाही पाठ होता, त्यामुळे ती भांडली नाही. भांडली असती तर सुचिताला बरं वाटलं असतं.

“मीच त्यांची तोंडं बंद केली,” शर्मिला म्हणाली. “तुज्यासाठी केली.” आणि रुतिकाचा हात धरून ती बसकडे गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फोन आला नाही. सुचिता सकाळी लवकर आंघोळ करून, साडी नेसून बसली होती. दुपारी तिने साडी सोडली आणि वरणभात लावला. पुढच्या रविवारीही फोन आला नाही. त्या दिवशी तिने कपाटं आवरली, संध्याकाळी खाडीच्या कडेने करावे गावापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. घरात शिरताना तिला मोठ्याने रडू आलं. शेजारी ऐकतील म्हणून तिने टीव्ही लावला.

ती मनातल्या मनात शर्मिलाशी भांडायची. मी काय चुकले? नियमाने वागले. तुझ्या पोरीने नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. चेंडू हातात, बेस पायाशी, अंपायर समोर, आणि ही मूग गिळून उभी. कुणी न मागता मी देऊ कशी?

आणि एका रविवारी हेच भांडण भांडता भांडता, हातात चहाचा कप घेऊन, ती एकदम गप्प झाली. फोन समोर टेबलावर पडलेला होता. ती त्याच्याकडे बघत बसली होती, सकाळपासून. तो वाजावा म्हणून.

तिने फोन उचलला. एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच करत होती.

“शर्मिले,” ती म्हणाली, “मी जेवायला येऊ का?”

पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज.

“मी बी फोनकडं बगत बसायची,” शर्मिला म्हणाली. “म्हटलं, येकदा तरी ही आपनहून विचारते का बगू.” मग म्हणाली, “ये. पन रुतिका हाय इथं. शेजारचीच पोर, अजून धड खेलत नाय. तिला काय सांगायचं ते तू सांग, मी नाय सांगनार.”

गाडीत सुचिताने वाक्यं जुळवली. नियम असा असतो, अंपायरचं काम असं असतं. उरणला उतरून मोऱ्याच्या रिक्षात बसेपर्यंत ती सगळी वाक्यं तिलाच फोल वाटायला लागली.

शर्मिलाच्या दारात जाळं पसरलेलं होतं. ओट्यावर रुतिका कोळंबी सोलत बसली होती. सुचिताला बघून ती दचकली, हात परकराला पुसले आणि शिकवल्याप्रमाणे लगेच पाया पडायला वाकली.

सुचिताने तिचे दोन्ही दंड धरून तिला उभं केलं. “पाया नको पडूस,” ती म्हणाली. “विचार.”

रुतिका आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली. दारात शर्मिला उभी होती.

“विचार ना,” सुचिता म्हणाली.

“तुमी बगितलंत ना?” रुतिकाने विचारलं. आवाज इतका बारीक, की जाळ्यापलीकडे ऐकू गेला नसता.

“हो.”

“मंग मी बोलली असती तर?”

“तर मी आऊट दिलं असतं.”

पोरीच्या डोळ्यांत पाणी भरलं. “मना वाटलं तुमाला राग येईल. त्या दिवशी तुमी येवडा वेल खाली बगून झाडत होता. मना वाटलं, तुमाला माज्याकडं बगायचंच नाय.”

सुचिताने तिचे दंड अजून सोडले नव्हते. “नाही गं,” ती म्हणाली. “मी तुझीच वाट बघत होते.”