धुतलेले पाय

पाय धुवायचे तर ते आधी मळलेले असायला हवेत, एवढी साधी गोष्ट रत्नागिरीतल्या त्या छोट्या चर्चमध्ये कुणाच्या डोक्यात येत नसे. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळकाने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे, ही तिथली रीत. आणि ज्यांची नावं लागत, ते घरूनच पाय घासूनपुसून येत. टाचा दगडाने घासायच्या, नखं कापायची, वर पावडर फासायची. पाळकसाहेबांना त्रास नको!

ही सोय पाळक हर्षदनेच लावून दिली होती. त्याला भारी किळस यायची. मासळी बाजारातून जाताना तो नाकाला रुमाल लावी, आणि त्याची बायको रुपाली फिदीफिदी हसे. "बंदरावर वाढलास आणि म्हावऱ्याला नाक मुरडतोस!" म्हणे.

त्या वर्षी बारावे सुजयकाका तापाने झोपले, म्हणून शेवटची खुर्ची रिकामी राहिली. हर्षदने दरवर्षीचंच प्रवचन केलं. आपण चांगले होतो म्हणून देवाने आपल्यावर प्रेम केलं नाही, पापात लोळत होतो तेव्हाच तो खाली उतरला. आपली घाण त्याने अंगावर घेतली, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. ही कृपा कुणाला कमवता येत नाही, ती नुसती घ्यायची असते. लोक माना डोलावत होते. हर्षदलाही आपलं बोलणं बरं वाटत होतं.

तेवढ्यात दारातून वास आला. आधी वास आला, मग माणूस. गंगाराम, हर्षदचा बाप. जेटीवर जाळी साफ करायची आणि तिथल्याच शेडमध्ये पडून राहायचं, हा त्याचा संसार. आज तो प्यायलेला नव्हता. तो सरळ पुढे आला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. रुपालीने मान खाली घातली, तेव्हा ह्याला हिनेच बोलावलं हे हर्षदला कळून चुकलं.

ह्याच माणसाने दारूच्या नशेत आईच्या पोटात लाथ घातली होती, आणि लहानगा हर्षद ते दाराआडून बघत होता. आईच्या दफनविधीलाही हा झिंगून आला, आणि कबरीच्या कडेलाच ओकला. ह्याच्या पायाला जन्मात हात लावणार नाही, असं हर्षदने त्या दिवशी तिथेच ठरवलं होतं. नमस्कारालासुद्धा नाही.

तो पहिल्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. पाय गुळगुळीत, गुलाबी, साबणाचा वास. पुढचेही तसेच. अकराव्यापाशी प्रार्थना करून टाकली तर कोण काय म्हणणार होतं? उलट लोकांना हायसंच वाटलं असतं.

त्याने घमेल्यात पाहिलं. अकरा जणांचे पाय धुऊन झाले तरी पाणी नितळ होतं, वर थोडी पावडर तरंगत होती. इतकी वर्षं आपण हेच करत आलो? त्याला स्वतःचीच शिसारी आली. बापाच्या वासापेक्षा ती जास्त होती.

तो घमेलं घेऊन सरकला. गंगारामने पाय खुर्चीखाली ओढले.

"ऱ्हावदे रे हर्ष्या. लय घान हायत."

हर्षदने डावा पाय धरला आणि पाण्यात ओढला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरीफटक होऊन सुटत होती. टाचेच्या भेगांत खवले रुतले होते. सडक्या मासळीचा भपकारा नाकात शिरला आणि त्याला उमासा आला. त्याने तोंड फिरवलं, दम घेतला, पुन्हा बोटं चोळली. आता येईल, मग येईल, असं प्रेम कुठून दाटून आलं नाही. नुसती किळस होती, आणि हातातला पाय होता. पाणी काळं झालं.

त्याने पाय टॉवेलने टिपला. झालं एकदाचं, असं म्हणत तो उठायला लागला.

"हर्ष्या," गंगाराम खाली बघत पुटपुटला, "दुसरा पन हाय रे."

उजवा. आईला लागला होता तो उजवा.

हर्षद उभ्याउभ्या त्या पायाकडे बघत राहिला. तोंडात आंबट पाणी सुटलं होतं, ते त्याने गिळलं. मग तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या, बाबा."