जानव्यातली चावी

पट्टा काढून झाला, घड्याळ काढून झालं, खिशातली सुटी नाणी ट्रेमध्ये पडली, तरी यज्ञेश्वररावांनी पाऊल टाकलं की तपासणीची चौकट आपली केकाटतच होती. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी पहारेकऱ्यानं हातातलं यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं, तर ते नेमकं बेंबीच्या वर चार बोटं ओरडलं.

"अंदर क्या है, अंकल?"

"चाव्या," असं म्हणून यज्ञेश्वररावांनी सदऱ्याची दोन बटणं काढली आणि जानवं ओढून बाहेर आणलं. त्याला तीन चाव्या बांधलेल्या होत्या. एक किहीमच्या घरातल्या कपाटाची, एक नारळी-पोफळीच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीची, आणि तिसरी, काळ्या प्लास्टिकच्या डोक्याची, त्यांच्या बायकोच्या स्कूटरची.

सुचित्राबाई त्याच स्कूटरवर शेजारी बसून होत्या. चार चाकं, पुढे टोपली, बॅटरीवर चालणारी. तपासणीसाठी ती बंद करायला सांगितली होती. काम दहा मिनिटांचं, पण तेवढ्यात यज्ञेश्वररावांनी चावी काढून जानव्याला बांधून टाकली होती. हायस्कूलची मुख्याध्यापकी केलेला माणूस! वस्तू जागच्या जागी हवी. घरीही तेच चालायचं. स्कूटर सुरू करायची म्हणजे आधी सदरा उघडायचा, गाठ सोडायची, चावी लावायची. थांबली की पुन्हा बांधायची. दुसरी चावी होती, नाही असं नाही. ती कपाटात होती, आणि कपाटाची चावी कुठे होती ते वर आलंच आहे.

पहारेकऱ्यानं तिन्ही चाव्या ओढून ओढून पाहिल्या. मग त्यानं यज्ञेश्वररावांनाच विचारलं, "मॅडम चल सकती हैं क्या?"

"चार-पाच पावलं. धरून."

सुचित्राबाईंना तोंड होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पायांतला जोर गेला, तेव्हापासून त्यांच्याबद्दलचे सगळे प्रश्न त्यांच्या डोक्यावरून जायचे. आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं, असं त्या सांगायच्या. ते खरं नव्हतं.

जहाजावर चढायच्या उतारावर स्कूटर बॅटरीवर चालवू देत नाहीत म्हणे. दोन खलाशांनी त्यांना स्कूटरसकट ढकलत वर नेलं, तसंच लिफ्टमधून केबिनपर्यंत आणून सोडलं. यज्ञेश्वरराव पुढे धावत "जरा सांभाळून, जरा सांभाळून" करत होते. सामान पोचावं तशा सुचित्राबाई पोचल्या.

केबिन छान होती. पुण्याहून लेकीनं, क्षिप्रानं, महिनाभर फोनाफोनी करून ती मिळवली होती. रुंद दार, उंबरठा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे. मुंबई ते गोवा आणि परत, तीन दिवस. "आई, तिथे तुला कुणी उचलायला लागणार नाही, सगळीकडे लिफ्ट आहेत," असं क्षिप्रा म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर सुचित्राबाईंनी हो म्हटलं होतं. त्यांना गोव्याचं काही नव्हतं. जहाज सुटलं की पहिल्या संध्याकाळी ते खांदेरी बेटाच्या बाहेरून दक्षिणेला जातं, हे त्यांना ठाऊक होतं. किहीमच्या पुळणीवरून अशी जहाजं त्यांनी जन्मभर पाहिली होती. आता एकदा जहाजावरून किहीम पाहायचं होतं. आणि एकटीनं पाहायचं होतं. ही दुसरी गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

साडेचारला जहाज हललं. सुचित्राबाईंनी हात पुढे केला.

"चावी द्या."

"थांब, बूट घालतो. येतोच."

"तुम्ही नका येऊ. मी एकटी जाऊन येते वर."

"एकटी?" शाळेत पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर बघायचे तसे यज्ञेश्वरराव बघायला लागले. "अगं, वर डेक ओला असेल. उतार असेल. ब्रेक लागला नाही तर? चार्ज संपला तर? कोणाला हाक मारशील तू?"

"जहाजाला कठडा असतो हो. गडगडत समुद्रात नाही जायची मी."

"चेष्टा नकोय. तू बस दोन मिनिटं, आलोच मी."

"सहा वर्षं बसलेलीच आहे," सुचित्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सहा वर्षांत तुम्ही माझ्याशी एकदाही भांडला नाहीत. आधी रोज भांडायचात. आमटीत गूळ जास्त झाला म्हणून दोन दिवस बोलला नव्हतात. आजारी माणसाशी कोणी भांडत नाही, माहितीय मला. आज भांडा हवं तर. पण चावी द्या."

उभ्या उभ्याच यज्ञेश्वररावांनी जानवं बाहेर काढलं आणि गाठ सोडायला लागले. पण पहारेकऱ्याच्या ओढाताणीनं ती चांगलीच घट्ट बसली होती, त्यात घामानं भिजलेली. नखं लावून झाली. चष्मा कपाळावर चढवून झाला. तरी गाठ हलेना.

"इकडे या. वाका."

"कशाला?"

"वाका म्हणते ना!"

ते वाकले. सुचित्राबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना आणखी पुढे ओढलं आणि गाठीला सरळ दात लावले.

"अगं, अगं! उष्टं होईल जानवं!"

"होऊ दे. गोव्यात नवं घाला."

त्यांच्या कपाळाला यज्ञेश्वररावांच्या छातीचे पांढरे केस लागत होते, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं म्हणून ती छाती हलत होती. तिसऱ्या हिसक्याला गाठ सुटली. चावी सुचित्राबाईंच्या तळहातावर पडली, चांगली गरम.

"अर्ध्या तासात ये," यज्ञेश्वरराव सदऱ्याची बटणं न लावताच म्हणाले. "मी जागाच आहे."

"बघते," असं म्हणून सुचित्राबाई दाराबाहेर पडल्या.

स्कूटरच्या वेगाच्या बटणावर एका टोकाला कासव होतं, एका टोकाला ससा. दुकानातून आणल्या दिवसापासून यज्ञेश्वररावांनी ते कासवावरून हलू दिलं नव्हतं. लांबलचक गालिच्याच्या बोळात कोणी नाही असं बघून सुचित्राबाईंनी ते सशावर नेलं. बाप रे! पदर उडाला, एक वेटर ट्रेसकट भिंतीला चिकटला. "सॉरी हं," सुचित्राबाई ओरडल्या आणि न थांबता पुढे गेल्या. लिफ्टचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

वर वारा होता, डिसेंबरचं मऊ ऊन होतं. डाव्या बाजूच्या कठड्याशी त्यांनी स्कूटर लावली. थोड्या वेळानं खांदेरीचा दीपस्तंभ दिसला, तो त्यांनी लगेच ओळखला. त्यामागे किनारा म्हणजे नुसती काळपट रेघ. मांडवा कुठला, किहीम कुठलं, काही कळेना. ज्या खोलीत त्यांनी सहा वर्षं काढली, ज्या खिडकीतून तेच चार माड पाहिले, ते सगळं त्या रेघेत कुठेतरी होतं आणि तिळाएवढंही दिसत नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं. मोठ्यानं हसावंसं वाटलं, मग थोडं हसल्याही.

"बाय, गारी चांगली हाय तुझी."

शेजारी एक बाई कठडा धरून उभी होती. वय त्यांच्याएवढंच, साठीच्या पुढचं. भरजरी साडी, पायांत मात्र पोरांचे असावेत तसे स्पोर्टचे बूट. नाव कमळ. उरणच्या बाजूची, घर न्हावा शेव्याजवळ, नवरा काळूराम, दारात सहा ट्रेलर. सगळं खटलं जहाजावर आलं होतं, हे तिनं दोन मिनिटांत सांगून टाकलं.

"आनि तुझा मानूस?"

"खाली आहे. मी एकटीच आलेय." ते वाक्य सुचित्राबाईंना इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा म्हटलं. "एकटीच."

कमळनं गुडघ्यावर हात मारला. "लहानपनी मिठागरात हुबी राहून राहून गेले हे. पोरं मागं लागलीत, आई अशी गारी घे, घे. पन मना लाज वाटते. लोक बोलतील, कमळ लंगरी झाली."

"लाज कसली? बसून तर बघा."

"मी?"

"तुम्हीच. या."

सुचित्राबाई कठडा धरून उठल्या, चार पावलं टाकली आणि आरामखुर्चीत बसल्या. कमळ स्कूटरवर बसली. आधी किंचाळली, मग कासवावर दहा हात गेली, मग वळणापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा. आता सुचित्राबाई सारख्या वळणाकडे बघायला लागल्या. मोबाईल केबिनमध्ये चार्जिंगला. स्कूटर एका अनोळखी बाईकडे. भोवती शे-दोनशे माणसं, त्यातलं ओळखीचं एक नाही. यज्ञेश्वररावांनी सांगितलेलं सगळं, डेकच्या उतारापासून हाकेपर्यंत, खरं ठरायची वेळ आली होती. हाक मारावी का? कोणाला? त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

आणि धरल्या धरल्या त्यांच्या लक्षात आलं, की आपण या क्षणी कुठे बसलोय हे जगात कोणालाच माहीत नाही. सहा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. न्हाणीघराचं दारसुद्धा किलकिलं असायचं. हात आपोआप सुटले. सूर्य खाली गेला, रेघेवर एक-दोन दिवे लागले, आणि सुचित्राबाई बसून राहिल्या.

कमळ आली ती सशावर. टोपलीत भज्यांची बशी.

"माफ कर बाय! माझाच मानूस गवला ना वाटेत. त्याच्या भोवती तीन चकरा मारल्या. बोलायचाच बंद झाला!" ती स्कूटरवरून उतरेना. "घेनार हाय मी. लाल रंगाची."

भजी खाऊन, पत्ता देऊन, घेऊन निघेपर्यंत साडेसहा वाजले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले होते. लिफ्टमध्ये सुचित्राबाईंनी बोलणं जुळवलं. आधी त्यांना बोलू द्यायचं. मग म्हणायचं, काही झालं का मला? आहे ना समोर धडधाकट? भांडण तर भांडण, बरंच होईल. कार्ड लावून त्यांनी दार उघडलं आणि स्कूटर आत घेतली.

यज्ञेश्वरराव कोचावर होते. मान मागे कलंडलेली, तोंड उघडं, चष्मा हनुवटीवर आलेला, पायांत बूट तसेच. सुचित्राबाईंनी स्कूटर जागीच थांबवली. मग घोरणं ऐकू आलं.

"अहो," त्यांनी हळूच हाक मारली.

काही नाही. घरी यांना नुसती चादर सरकल्याचा आवाज पुरायचा. "काय गं? पाणी?" ऑपरेशननंतर दर दोन तासांनी कूस बदलायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्षभर हे गजर लावून उठले. मग गजर लागेनासा झाला, आपसूक जाग यायला लागली. पुढे सुचित्राबाई स्वतःची कूस स्वतः बदलायला लागल्या, तरी यांची जाग काही गेली नाही. दुपारची झोप तर यांना वर्ज्यच. आपण एकटीच अडकून पडलोय, असं सुचित्राबाई सहा वर्षं धरून चालल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या माणसाची इतकी माया आली की कुठे ठेवावी कळेना.

टेबलावर मोबाईल थरथरला. क्षिप्राचा फोन. त्यांनी झडप घालून घेतला.

"आई, कसं आहे गं सगळं? बाबांना दे ना."

"झोपलेत," सुचित्राबाई कुजबुजल्या.

"आत्ता? संध्याकाळी? बरं नाही का त्यांना?"

"अगदी बरे आहेत. ऐक." त्यांनी मोबाईल कोचाच्या दिशेनं धरला. बराच वेळ धरला. मग परत कानाला लावला.

"आई, बाबा घोरतात?"

"घोरायचे गं. मीसुद्धा विसरले होते."

फोन बंद झाला. जेवणाची वेळ झालीच होती. पण मधे बॅगा होत्या, यज्ञेश्वररावांचे पाय होते, स्कूटर वळवायला जागा नव्हती. मागे घ्यायची तर मागे जाताना ती पिपाणीसारखी वाजते. सुचित्राबाईंनी ती बंद केली आणि बसून राहिल्या. बोळातून माणसं जेवायला निघाली, हसण्या-बोलण्याचा आवाज आला. यज्ञेश्वररावांनी मान हलवली. डोळे मिटलेलेच.

"सुचित्रा? आलीस का गं?"

त्या त्यांच्यापासून दोन हातांवर होत्या.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "अर्धा तास आहे. झोपा तुम्ही."