जळक्या हाताचं चित्र

"भरून देत न्हाय म्हंजे? बाटली धुऊन आणलीय की!" दूध संकलन केंद्राचे सचिव मानसिंगराव यांनी सरबताची रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. तिच्यावर अजून आंब्याचं चित्र होतं.

"आता सुटं बंद. आमच्याच डब्यातनं न्यावं लागंल," मकसूद म्हणाला.

पणदऱ्यात मकसूद दुधाचे कॅन धुवायचं औषध बनवत असे. औषध म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी. पण आपल्याकडे प्यायचं, फवारायचं आणि धुवायचं, सगळंच औषध. गिऱ्हाइकानं घरून बाटली आणायची, मकसूदच्या बायकोनं, चाँदबीनं, ती भरून द्यायची, असा रिवाज. मग तहानेनं चुकीची बाटली तोंडाला लावणारं एखादं माणूस उन्हाळ्यात निघे आणि दोष उन्हाळ्याला जाई.

आता परदेशी सोडा आणणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं अट घातली होती: पक्का डबा, वर धोक्याचं चित्र, नाहीतर माल बंद. व्यापाऱ्याला सरकारची भीती, मकसूदला व्यापाऱ्याची. नियम पणदऱ्यापर्यंत असाच पोचतो.

मानसिंगरावांनी डबा फिरवून पाहिला. वरच्या चित्रात थेंब पडून जळलेला हात.

"मकसूदभाई, लोक डब्यावर हसरी गाय छापत्यात. लग्नपत्रिकेत नवरदेवाचे रोग छापल्यागत झालं हे!"

ते इंदापूरला, असंच औषध बनवणाऱ्या रावजीकडे गेले. तो अजून बाटल्या भरत होता. पाठोपाठ बाकीची गिऱ्हाइकंही गेली. शेडमध्ये डब्यांची थप्पी वाढली; असंच चाललं तर दिवाळीआधी कुलूप लागणार, हे मकसूदला दिसत होतं. शेवटी त्यानं बारामतीतून गुलाबाची स्टिकरं छापून आणली, बरोबर चित्राच्या मापाची. कायदा डब्यावर राहील आणि गिऱ्हाइकाला दिसणार नाही.

पहिला गुलाब चिकटवताना चाँदबी आली. तिनं दुसरा डबा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो कुणाचा हात?"

"कुणाचा न्हाय. सगळ्या जगात ह्योच असतोय."

तिनं आपला उजवा हात शेजारी धरला. लोकांच्या बाटल्या भरून बोटांची कातडी पांढरी पडून तडकली होती, दोन नखं गेली होती.

"माझाच हाय की," ती म्हणाली. तक्रार नव्हती, गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं, तसा सूर होता. "आन् तुमी त्याच्यावर फूल चिकटवताय?"

गुलाब चुलीत गेले. चांगले पेटले.

दुसऱ्या दिवशी चाँदबी एक डबा घेऊन केंद्रावर गेली आणि कॅन धुणाऱ्या फुलाबाईला तिनं आधी चित्र दाखवलं, मग हात.

दोन दिवसांनी मानसिंगराव स्कूटरवर आले. मागे फुलाबाई.

"द्या बाबा तुमचा सडका हात. ही बाई कॅनला शिवंना. केंद्रात वास सुटलाय."

"मला वाचता येत न्हाय, पर हे वाचलं," फुलाबाई म्हणाली. "रावजीच्या बाटलीत काय हाय, ते रावजीला तरी ठावं हाय का?"

मकसूदनं डबे काढले. चाँदबीनं त्यांवर नव्यानं मागवलेल्या रबरी हातमोज्यांचा एक जोड ठेवला. फुलाबाईनं तो घालून पाहिला.

"ढिलं हुतंय, भाबी. बारकं न्हाय का?"

चाँदबीनं आतून सगळे जोड आणले. बांगड्या भरायला बसावं तशी फुलाबाई हात पुढे करून बसली आणि चाँदबी एकेक जोड तिच्या बोटांवर चढवून पाहू लागली. मानसिंगराव उन्हात स्कूटरपाशी उभे होते. घाई आहे, असं ते दोनदा म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.